निशिगंधाचे उलटे कंद

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा आमच्या वाफ्यात गुडघे टेकून निशिगंधाचे कंद लावत होता... आणि एकूण एक उलटे! मुळं वर, कोंब खाली.

"अहो, डोळे फुटलेत का? उलटे लावताय सगळे!" मी स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडले.

त्यानं वर पाहिलं. नाकाला माती लागलेली. "माहितेय," तो हळूच म्हणाला. "आजोबांनी असेच लावायला सांगितलंय. ते आत गेले की सरळ करतो."

आता हा कोण, कुठला? विचारल्यावर कळलं – नर्सरीच्या रोपांचा टेम्पो घेऊन निघालेला, पत्ता विचारायला आमच्या फाटकाशी थांबला. माझ्या वडिलांना, अण्णांना वाटलं, कामाला बोलावलेला माणूस उशिरा उगवला. त्यांनी आधी त्याला झापलं, मग हातात खुरपं दिलं. आणि हा पठ्ठ्या मुकाट्यानं तासभर राबत होता!

"मी तो नव्हे, असं सांगायचं नाही का?"

"दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा धीर झाला नाही... फार खुशीत होते हो ते."

अण्णांनी आयुष्य या बागेत काढलं होतं, पण दोन वर्षांपासून त्यांना काही म्हणता काही आठवत नव्हतं. लोक त्यांना हसायचे, नाहीतर चूक दाखवायचे. त्यांना कळू न देता चूक सरळ करणारा हा पहिलाच. तिथंच माझी विकेट गेली, खोटं कशाला सांगू!

मग तो दर गुरुवारी येऊ लागला. निमित्त ठरलेलं. अण्णा रोपांजवळच्या नावाच्या पट्ट्या उपटून खिशात टाकायचे आणि कुठलं रोप कसलं, ते आम्ही दोघं शोधत बसायचो.

"पान चुरगळ आणि वास घे," तो पान माझ्या नाकाशी धरून म्हणाला. "टोमॅटो की मिरची?"

"कळत नाही बाई."

"मग परत घे."

मी तीनदा वास घेतला. टोमॅटो आहे हे पहिल्याच वासाला कळलं होतं. मला कळलंय हे त्यालाही कळलं होतं... तरी त्यानं हात काढला नाही.

"माळ्याची मुलगी ना तू?" तो हसत म्हणाला.

"आणि तू नर्सरीवाला ना? मग एवढा वेळ कसा लागतो तुला?"

एका रविवाराआड ताई-भाऊजी आणि दादा-वहिनी यायचे. वहिनी पालकानं पिशवी भरायची, दादा आरामखुर्चीत पडून "इथली हवाच वेगळी!" म्हणायचा, आणि भाऊजी 'मदत' म्हणून कात्री घेऊन कळ्यांवर आलेली जुई भादरून टाकायचे. पाच वाजले की गाड्यांची दारं लागायची. "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त गं," म्हणत ताई गळ्यात पडायची. ती प्रेमानंच म्हणायची, पण ते ऐकून माझं मन जड व्हायचं.

एका गुरुवारी तो आला, पण पट्ट्यांना हात लावेना.

"इथली नर्सरी बंद होतेय. मला दुसरीकडे काम मिळालंय. दोन दिवसांचा प्रवास आहे... आई आणि दोघी बहिणी माझ्याच जिवावर आहेत. नाही म्हणता येत नाही."

माझ्या हातातल्या पाइपचं पाणी वाफ्याबाहेर वाहत राहिलं.

"तू चल. लग्न करू. अण्णांनाही नेऊ."

"विचारतोयस की सांगतोयस?"

"हात जोडतोय."

मला तिथल्या तिथं हो म्हणायचं होतं. पण अण्णा बागेबाहेर राहतील? मी ताईला सगळं सांगितलं. "आधी माझ्याकडे पाठव," ती म्हणाली. "रमले तर माझ्याकडेच राहू देत, तू खुशाल जा. खूप केलंस आजवर." अगदी मनापासून बोलली ती.

अण्णांना तिच्याकडे सोडलं, त्याच्या चौथ्या दिवशी तिचा फोन आला. रडत होती. अण्णा जेवत नाहीत. चपला घालून दाराशी उभे राहतात, म्हणतात, "घरी चला, रोपं वाळतील." काल त्यांनी चपलांच्या कपाटात बादलीभर पाणी ओतलं. आज एकटेच निघाले, जिन्यात पडता पडता वाचले.

"मी हरले गं," ताई म्हणाली.

दुपारी गाडी आली. अण्णा उतरले ते थेट वाफ्यात जाऊन बसले आणि ओल्या मातीत दोन्ही हात घातले. चार दिवसांत तोंड एवढंसं झालं होतं. मला बघून म्हणाले, "बाई, आमची धाकटी कुठाय? तिला सांगा, मी आलो म्हणून."

मी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, पोटभर रडले. ज्याचे पोटच्या लेकीकडे चार दिवस निघाले नाहीत, तो माणूस परमुलखात कुठून टिकणार?

तो निरोप घ्यायला आला तेव्हा टेम्पोत उरलेली रोपं भरलेली होती.

"थांब म्हण, थांबतो. पुढचं पुढे बघू."

जिभेच्या टोकावर होतं हो... पण मग त्याच्या बहिणींनी काय करायचं? आणि उद्या तो माझ्या अंगणात बसून रस्त्याकडे बघत राहिला असता, तर ते मला बघवलं असतं?

"जा," मी म्हटलं. "उशीर होतोय."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर. तुझं आहे का, एवढं तरी सांग."

"जा ना रे..."

त्यानं माझ्या कपाळावरची बट मागे सारली. बोटं जरा रेंगाळली. मग तो गेला.

टेम्पो वळणाआड गेला तरी मी फाटकाला धरून उभी होते. अण्णा कधी मागे आले, कळलंच नाही.

"कोण होता गं तो?"

दहा मिनिटांत विसरणाऱ्या माणसापाशी लपवायचं काय? त्याला निघताना जे सांगितलं नाही, ते अण्णांना सांगितलं. "माझं प्रेम आहे त्याच्यावर, अण्णा. फार प्रेम आहे."

अण्णांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. कित्येक महिन्यांत असं पाहिलं नव्हतं. आणि ते चिडलेच.

"मग जाऊ कशाला दिलंस, वेडे? कोणासाठी अडलीस एवढी?"

मी त्यांचा मातीनं भरलेला हात हातात घेतला.

"कोणासाठी नाही, अण्णा," म्हटलं. "चला, चहा टाकते."