काचेवरचे किडे

दिवा जरा मोठा करा आणि बसा असे जवळ. मोठ्याने सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

आम्ही निघालो होतो बहिणीला शिलाई मशीन पोहोचवायला. मी जन्मभर शिंपी. आता नजर अधू झाली, मशीन घरात धूळ खात पडलेलं, आणि तिकडे तिचं जुनं मशीन कायमचं रुसलेलं. म्हणून आमचं मशीन मागच्या सीटवर आडवं टाकलं, त्याचा चामड्याचा पट्टा काढून खिशात ठेवला आणि धाकट्या भावाच्या गाडीत बसलो. धाकटा बसवर ड्रायव्हर होता. रिटायर झाला तरी स्टेअरिंग सोडवत नव्हतं. बहिणीकडे दरवर्षी जायचो आम्ही, दोघंच. रस्ता लांबचा. तो एका दमात झालाही असता, पण धाकट्याला वाटेत मासे धरायचे असत.

गांडूळ लावून बसणाऱ्यांना तो हसायचा. त्याची तऱ्हा निराळी. बारीक गळाला दोरा गुंडाळायचा, त्यात पिसं अडकवायची, की झाली खोटी माशी. ती लांब दोरीच्या टोकाला बांधून पाण्यावर अलगद टाकायची. माशाला वाटतं, किडा पडला. या माश्या मीच बांधून द्यायचो. शिंप्याची बोटं, दुसरं काय.

थांबायचं कुठे, हे तो नकाशात बघत नसे. गाडीच्या काचेवर बघायचा. संध्याकाळी नदीतून किडे निघतात, रस्त्यावर येतात आणि काचेवर आपटून मरतात. काच कोरडी असली तर पुढे चला. काच बरबटली की समजायचं, पाणी जवळ आहे आणि मासे वर आलेत. मग काचेवरचा किडा उचलून बघायचा आणि त्याच्यासारखी दिसणारी माशी डबीतून काढायची.

मासा तो ठेवत नसे. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे गळ सहज निघावा. कधी ओढून, कधी सैल सोडून माशाला दमवायचा, वर काढायचा आणि हातात धरून त्याच्याशी गप्पा मारत बसायचा.

"काय राव, जेवायला आलात आणि स्वतःच पानात बसलात?"

मासा तोंड उघडायचा, मिटायचा.

"सोड रे, मरेल तो," मी म्हणायचो.

"मी मारतो का दादा? मी तर सोडतो."

मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून पाण्यात धरायचा. धाप बसली की मासा निसटायचा. "उद्या हाच परत येईल बघ. माशाला आठवण नसते. म्हणून तर मजा."

मला ती मजा कधी कळली नाही. एकदा म्हटलंही, "खाल्लास तर निदान एकदाच पाप लागेल." तो हसला. त्याचं हसणं गोड होतं, तेच वाईट.

तर त्या दिवशी उन्हं उतरली तरी काच कोरडी. धाकटा कुरकुरायला लागला. एवढ्यात एका वळणानंतर टप्... टप्... आणि बघता बघता काच भरून गेली. पुढे पूल होता, खाली नदी. नदी मोठी नव्हती, पण पाणी काळंशार.

"असली काच मी जन्मात पाहिली नाही," धाकटा म्हणाला. "दादा, तू किडा बघून ठेव. मी तोवर पाणी बघतो." गळाची काठी घेऊन तो उतरलासुद्धा.

मी काचेवर हात फिरवला आणि बोटाला टोचलं. किडा डोळ्यांजवळ धरला. माझी नजर अधू, पण बोटं अधू नाहीत. त्या किड्याला गाठ होती. डोक्याशी, टोक आत ओढून घेतलेली, माझ्यापेक्षा सुबक. पिसं नव्हतीच. केस होते. माणसाचे. काळ्यात मधेच एखादा पांढरा. दुसरा उचलला, तिसरा उचलला. सगळे तसेच. आणि प्रत्येकाचा उलटा काटा दाबून सपाट केलेला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बेडूक ओरडत नाहीत. रातकिडेही नाहीत. ओल्या लोकरीसारखा वास मात्र येत होता, वरून.

"धाकट्या..." मी काठावरून हाक मारली. "वर ये. आपण पुढे जाऊ."

तो गुडघाभर पाण्यात उभा होता. तोंडाभोवती किडे घोंघावत होते, तो हाताने वारत होता. "आता कुठे जातोस? एवढे किडे..."

एक किडा त्याच्या ओठावर बसला. त्याचं बोलणं तिथेच राहिलं.

मान एकदम पुढे गेली. दोरी दिसत नव्हती. तो मागे फिरला, काठाकडे पळाला, आणि अर्ध्या वाटेत पुन्हा खेचला गेला. मग ओढ सैल झाली. त्याला वाटलं, सुटलो. तो पळाला आणि परत खेचला गेला. हे किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मला फक्त एवढं कळत होतं की हे मी पाहिलेलं आहे. काठावर बसून, सावलीत, शांतपणे पाहिलेलं आहे.

मी पाण्यात शिरलो आणि त्याच्या कमरेला मिठी घातली. ओढ दांडगी नव्हती हो. तीच भीती. पलीकडच्याला घाई नव्हती. मी जोर लावला की तो सैल सोडायचा, मी दम घेतला की ओढायचा. शेवटी हात माझे सुटले.

धाकटा थकून कुशीवर पडला. मग वर गेला. पाण्यातून सरळ वर, पुलाच्या कठड्याएवढा उंच, पाय लोंबकळत. वर कोणी नव्हतं. संध्याकाळचं आभाळ होतं नुसतं. त्याला एका बाजूने बघितलं गेलं, मग दुसऱ्या बाजूने. तो तोंड उघडत होता, मिटत होता. आणि वर कोणीतरी हलक्या आवाजात बोलत होतं. शब्द कळले नाहीत. सूर कळला. लाडाचा होता.

"सोडा..." मी म्हणालो. "सोडा त्याला. मरेल तो."

बोलणं थांबलं. मग धाकटा खाली आला, सावकाश. तोंड प्रवाहाकडे. तसाच धरून ठेवला त्याला, छाती हलायला लागेपर्यंत. मग सोडला.

मी त्याला ओढत गाडीत आणला. वरच्या ओठातून रक्ताची बारीक धार येत होती. छिद्र एकदम साफ, सुईने पाडल्यासारखं.

"मिळालं का रे काही?" त्याने मला विचारलं.

गाडी मला धड येत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रडत होती आणि मी तिच्याबरोबर. पुढच्या पुलाजवळ काच पुन्हा वाजायला लागली. टप्... टप्...

"दादा, थांब. काय किडे आहेत बघ."

मी थांबलो नाही. त्याने दाराच्या कडीला हात घातला. तेव्हा पूल मागे टाकून गाडी उभी केली, मशीनचा पट्टा खिशातून काढला आणि सख्ख्या भावाचे हात बांधले. तो लहान पोरासारखा रडला. "एकदाच, दादा. फक्त बघून येतो..." रस्त्यात आणखी पूल होते. ती वाट कशी काढली ते नका विचारू. मला एकच ठाऊक होतं, याला जिवंत बहिणीच्या दारात उतरवायचा.

उजाडलं तेव्हा बहीण दारात दात घासत उभी होती. आयुष्य दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई. बांधलेले हात बघून म्हणाली, "या वयात मारामाऱ्या करता? लाजा नाहीत?" पण मग ओठ पाहिला. त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी गरम केलं. जखमेवरचे केस आधी काढायचे, हा तिचा शिरस्ता. तिने त्याची मिशी भादरली.

भादरता भादरता तिचा हात थांबला.

"दादा, हे भोक ताजं आहे," ती म्हणाली. "पण ही बाकीची? ही तर भरून आलेली. काही फार जुनी आहेत."

ओठभर बारीक पांढरे ठिपके होते. मी धाकट्याकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता, आणि हसत होता. तसंच, गोड.

"मला एकट्याला काय बघतेस," तो बहिणीला म्हणाला. "दादाची मिशी माझ्याहून दाट आहे."

बहीण माझ्याकडे वळली. हातात वस्तरा होता. मी अंगणात निघून गेलो.

धाकटा अजून तिच्याकडेच आहे. खिडकीच्या काचेशी बसून असतो, संध्याकाळी त्याला बांधावं लागतं. मला न्हावी विचारतो, आजोबा, मिशी उतरवू का, उन्हाळा आहे. मी म्हणतो, कात्री चालव, वस्तरा नको. मात्र जेवताना कधी जीभ वरच्या ओठाच्या आतून फिरते आणि एका जागी अडकते. मी ती पटकन मागे घेतो.