पहिल्या मुलीचं पान

कन्याशाळेच्या पन्नाशीचा इतिहास लिहायला दत्ताराम गुरुजींनी जुनी नोंदवही उघडली, तर पहिलंच पान फाडलेलं. पहिली विद्यार्थिनी कोण, हे त्याच पानावर. नोंदी गुरुजींनीच केलेल्या. पण आयुष्यभर इतकी नावं लिहिली, की पहिलं आठवेना.

"कपाटाची किल्ली शिपाई सोनबाकडे असते. संध्याकाळी त्याला निलंबित करतेय," मुख्याध्यापिका उज्वलाबाई म्हणाल्या.

गुरुजींनी उसासा टाकून जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. प्रियदर्शिनी महाडातच खासगी तपासाची कामं करी.

तिने वही उजेडात धरली. दोन हजार एकवीसच्या पुराचा गाळ पानांच्या कडांवर सुकला होता. फाडलेल्या पानाच्या उरल्या पट्टीवरही.

"बघितलंत, गुरुजी?"

"चिखल. महाडात त्याचं काय नवल?"

सोनबा रडकुंडीला आला होता. "बाई, मी पुराच्या पुढल्या वर्षी पोलादपुरातनं इथं आलो. सहा महिन्यांनी रिटायर होनार. पान घेऊन काय करू?"

त्याच्या आधीची, आता निवृत्त शिपाईण आनंदीबाई मदतीला येऊन समारंभाच्या सतरंज्या झटकत होती. "सोनबाच्या आदी किल्ली माझ्याकडं. शाळा पहिल्या दिसापास्नं बघतेय गो. बाकं नव्हती, गोणपाटावर बसायचो. सुतळी टोचायची पायाला."

प्रियदर्शिनीने सगळ्यांना कार्यालयात बसवलं.

"गाळ फाटलेल्या कडेवरही बसलाय. म्हणजे पान पुराआधी गेलं. सोनबा पुरानंतर आला. आधी किल्ली आनंदीमावशींकडे."

"पण तिला ते कशाला हवं?" गुरुजींनी विचारलं.

"झाडणारी बाई गोणपाटावर बसत नाही, गुरुजी. मुली बसतात. लग्नात नाव बदललं, म्हणून तुम्ही ओळखलं नाहीत. माहेरचं नाव काय, मावशी?"

"आवडी."

"गोमाजीची आवडी?" गुरुजींनी विचारलं.

"सोनबावर आळ आलाय हे मला कुनी बोललं नाय. जाते नि आनते," ती म्हणाली. तासाभरात तिने घडी घातलेलं पान टेबलावर ठेवलं. "नात श्रुतिका या शाळेत आली. तिनं हे वाचू नये म्हणून फाडलं."

शाळा सोडण्याचं कारण: अभ्यासात गती नाही. अक्षर गुरुजींचं.

"पहिला नंबर होता माझा, गुरुजी. तेराव्या वर्षी बापानं लगीन लावलंन."

गुरुजींना हात जोडून उभा असलेला तिचा बाप गोमाजी आठवला. खरं लिहिलं असतं, तर त्याच्या दारी पोलीस आले असते. त्या दिवशी ती दयाच वाटली होती.

"सोनबा, तू जा कामाला," उज्वलाबाई हळूच म्हणाल्या.

गुरुजींनी चष्मा पुसला, कोरा कागद ओढला आणि सावकाश लिहिलं. मग कागद तिच्यापुढे सरकवला. "वाच गो आवडी. मोठ्याने."

तिने ओळीखाली बोट धरलं. "पहिली विद्यार्थिनी, आवडी गोमाजी. पहिला क्रमांक. शाळा सोडण्याचं कारण, लग्न. खोटी नोंद करणारा शिक्षक, दत्ताराम."

बोट थांबलं. "ही शेवटची ओळ कशाला, गुरुजी?"

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "ती खोडू नकोस."