उजवीकडचा पडदा

काम साधं होतं. मशीनमधलं ग्राफिक्स कार्ड जळालं होतं. त्या जागी दुसरं बसवायचं, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, घालायचा आणि तळ्याच्या तळाचं चित्र काढून द्यायचं. मी लारोसाला म्हणालो, "एक तास दे." हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा बोललो आहे आणि दर वेळी कुणाचा तरी दिवस बुडवला आहे.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. त्यातलं खरं किती मानायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मॉन्टेव्हिडिओत चाळीस वर्षं पाण्याचं शास्त्र शिकवलं, पण त्या दुपारबद्दल माझी स्वतःचीच खात्री नाही.

जानेवारीतला शुक्रवार, आमच्या दक्षिण गोलार्धात भर उन्हाळा. माझ्या शेजारचा मिल्टन बुधवारी पहाटे जाळी काढायला तळ्यात गेला तो आलाच नाही. बोटही नाही. लारोसा आमच्या बंदर पोलिसांचा मुख्य. त्याने गुरुवारी दिवसभर तळ्यात सोनार फिरवला, म्हणजे पाण्यात आवाज सोडून तळाचा आकार टिपणारं यंत्र, आणि ती नोंद एका डिस्कवर माझ्याकडे आणून दिली. कारण तिचं चित्र काढणारा प्रोग्राम माझा. पंधरा वर्षांपूर्वी मी तो लिहिला आणि माझ्या लिनक्सच्या मशीनखेरीज तो कुठेच चालत नाही, हा माझाच नाकर्तेपणा. डिस्क विद्यापीठात पाठवता आली असती. शहाण्या माणसाने पाठवली असती.

संध्याकाळी सहाला तळ्यावरच्या धरणाचे दरवाजे उघडणार होते. ते उघडले की तळाचं पाणी ओढ घेतं, गाळ उठतो, आणि खाली जे असेल ते जागेवर राहत नाही. पाणबुडे दोनच होते आणि सहाच्या आत त्यांची एकच बुडी उरली होती.

मिल्टनची बायको झुल्मा काखेत थर्मास धरून माझ्या पाठीमागे बसली होती. अधूनमधून कडू हिरव्या चहाने भरलेला, पोकळ भोपळ्याचा पेला ती माझ्यापुढे करायची, मी नळीने एक घोट ओढायचो आणि परत द्यायचो.

"प्रोफेसर, झालं का?"

"होतंय."

"अकरा वाजल्यापासून होतंयच."

"झुल्मा, हे कार्ड जुनं आहे. कंपनीने त्याचा ड्रायव्हर सांभाळणं कधीच सोडून दिलं. आणि लिनक्सचा गाभा नवा आहे. दोघांचं जमत नाही."

"माझं आणि सासूचं बत्तीस वर्षं जमलं नाही. स्वयंपाक रोज व्हायचा."

थोड्या वेळाने ती खालच्या आवाजात म्हणाली, "तो जिवंत मिळेल असं मी म्हणत नाही हो. तेवढी अक्कल आहे मला. मला त्याला कोरड्या मातीत ठेवायचंय. जन्मभर ओला घरी आला. आता तरी कोरडा असू दे."

लिनक्सकडे त्या कार्डासाठी स्वतःचा एक ड्रायव्हर असतो. त्याने पडदा उजळत होता, पण माझा प्रोग्राम उघडला की तळ्याच्या जागी नुसता राखाडी चौकोन. कंपनीचा ड्रायव्हर घालायला गेलो तर तो म्हणाला, गाभा फार नवा आहे, मी बसणार नाही. मग जुना गाभा शोधून आणला. तो बसला, तर दोन ड्रायव्हर एकाच कार्डावर हक्क सांगून भांडायला लागले. लिनक्सच्या ड्रायव्हरवर बंदी घातली, मशीन पुन्हा चालू केलं, आणि तोच आधी येऊन बसलेला. तीनदा. माझी बंदी जणू त्याला ऐकूच येत नव्हती.

इंटरनेटवर शोधलं. पोर्तो अलेग्रेच्या कुणा गृहस्थाने बारा वर्षांपूर्वी नेमकी हीच अडचण लिहिली होती. हेच कार्ड, हाच राखाडी चौकोन. खाली त्याचंच उत्तर: "सुटलं. आभारी आहे." कसं सुटलं, ते नाही. त्या माणसाला मी मनात जे बोललो ते इथे सांगण्यासारखं नाही.

मग अडीचला ध्यानात आलं. माझ्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट मी घसा कोरडा करून सांगायचो. मशीन जागं होताना आधी बांधून ठेवलेल्या एका गाठोड्यातून वाचतं. बंदी कितीही लिहा, ते गाठोडं नव्याने बांधल्याशिवाय तिला अर्थ नाही. मी बांधलंच नव्हतं. त्यापायी दोन तास वाया.

"काय झालं?" झुल्माने विचारलं.

"मी गाढव आहे."

"ते असू दे. काम झालं का?"

गाठोडं बांधलं. मशीन चालू केलं. काळा पडदा, वर कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत राहिली. बाहेर कुत्रीसुद्धा सावलीला निजली होती. सगळ्या गावात माझ्या मशीनच्या पंख्याचा तेवढा आवाज. खोलीत तापलेल्या धुळीचा वास होता, आणि त्याखाली आणखी एक. मला वाटलं झुल्माच्या कपड्यांना असेल. शेवाळाचा.

पडदा उजळला. मी प्रोग्राम सुरू केला. पंखा जोरात फिरायला लागला, म्हणजे तो चित्र काढत होता. पण खिडकी कुठेच दिसेना. माउस हलवला, तर बाण उजव्या कडेला थांबलाच नाही. कडेपलीकडे गेला.

मी मशीनला विचारलं, पडदे किती जोडलेत? उत्तर आलं, दोन. एक हा. दुसरा उजवीकडे, जोडलेला, चालू.

मागे हात घालून चाचपलं. तार एकच होती.

यात भुताचं काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं. जुनी कार्डं नसलेले पडदे कल्पितात, हे ठाऊक असलेलं दुखणं आहे. हुकूम देऊन तो दुसरा पडदा बंद केला. बंद झाला. मी हात मागे घेईपर्यंत परत चालू. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू. चार वाजून गेले होते. रडावंसं वाटत होतं, खरं सांगतो.

मग एक युक्ती सुचली. मशीनलाच पडद्याचा फोटो काढायला सांगितलं की जोडलेले सगळे पडदे त्यात येतात. नसलेलासुद्धा. फोटो काढला, उघडला, उजव्या भागाकडे सरकलो.

तिथे प्रोग्रामची खिडकी होती. त्यात तळ्याचा तळ, बुडालेल्या झाडांची खोडं आणि कुशीवर पडलेली एक बोट. तिच्या काठाशी एक लांबट आकार. खाली जागेचे आकडे, अक्षांश-रेखांश. बोटीवर एक बाण टेकलेला.

मशीनला बाण एकच असतो. माझा डावीकडे होता, त्याच फोटोत दिसत होता.

आणि लारोसाची डिस्क मी अजून लावलीच नव्हती. टेबलावर पाकिटात पडली होती.

"प्रोफेसर... काय दिसतंय?"

"थांब."

दुसरा फोटो काढला. चित्र थोडं फिरलं होतं. आता बोट नीट दिसत होती, जणू कुणी मला दाखवायला फिरवली.

झुल्मा उठून माझ्या खांद्यावरून वाकली. बोटाने काचेवर त्या लांबट आकाराची कड हळूच गिरवली.

मी लारोसाला फोन लावून आकडे सांगितले.

"प्रोफेसर, हे दक्षिणेच्या झाडीतलं झालं."

"हो."

"तिथे आम्ही सोनार नेलाच नाही. खोडं आहेत, केबल अडकते. तुमच्या डिस्कमध्ये ती जागा येईलच कशी?"

मी टेबलावरच्या पाकिटाकडे बघितलं.

"एकच बुडी आहे," तो म्हणाला. "चुकली तर मी बाईला काय सांगू? तुम्ही नक्की बघितलंत?"

आयुष्यभर मी पुराव्याशिवाय एक आकडाही छापला नाही. छापलेल्या आकड्यांचीसुद्धा रात्र-रात्र काळजी केली. पाठीमागे झुल्मा उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"नोंदीत आहे," मी म्हणालो. "उतरवा माणसं."

पाच वाजून वीस मिनिटांनी तो सापडला. जाळ्यात पाय अडकून, बोटीच्या काठाशी, त्या आकड्यांवर. लारोसाने फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवला. झुल्मा भोपळा धुवायला मोरीवर गेली आणि पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

सहाला भोंगा झाला. दरवाजे उघडले. मशीन बंद करायला बसलो, आणि का कोण जाणे, आणखी एक फोटो काढला.

उजवीकडचं चित्र बदललं होतं. ही जागा वेगळी. गाळ नाही, खोडं नाहीत. सारख्या अंतरावर आखल्यासारखे आयताकृती उंचवटे, आणि बाण दोन उंचवट्यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर टेकलेला. खाली पाण्याची खोली लिहिलेली: अकरा मीटर. जागेचे आकडे एका कागदावर उतरवून घेतले आणि कार्ड उपसून काढलं.

रविवारी मिल्टनला पुरलं. आमची दफनभूमी टेकडीवर आहे, सगळ्या मुलखात उंच जागा तीच. झुल्माने मूठभर माती उचलली, बोटांमधून सोडली आणि म्हणाली, "बघा, कशी भुरभुरीत आहे." लोक पांगल्यावर मी खिशातला कागद काढून फोनच्या नकाशावर ते आकडे घातले. ठिपका मी उभा होतो तिथून दोन पावलांवर पडला. मिल्टनच्या नव्या मातीवर.

मी हिशेब तीनदा केला. टेकडीच्या माथ्यावर अकरा मीटर पाणी यायचं तर धरणाची भिंत कितीतरी आधी पाण्याखाली जाते. तसं होऊच शकत नाही. हे मी शिकवलेलं आहे.

झुल्मा दर रविवारी फुलं घेऊन जाते. येताना माझ्या दाराशी थांबते.

"तुम्हाला पाण्याचं कळतं, प्रोफेसर. तिथे ओल नाही ना येणार?"

"कोरडं आहे," मी सांगतो.

मग ती जाते, आणि मी दार लावून मशीनपाशी बसतो. नवं कार्ड बसवलंय. चांगलं चालतं, कसली कटकट नाही. मशीन दोन पडदे सांगतं. यंदा पाऊस झालेला नाही, तळं काठापासून दोन मीटर खाली गेलंय, मुलं तिथे फुटबॉल खेळतात. परवा फोटो काढला तेव्हा उजवीकडे तीच जागा होती, पाण्याची खोली साडेअकरा मीटर.