ओठांवरची ओळ

“दिसायला बरा आहे गं, पण कविता म्हणजे नुसतं रडगाणं.”

टॅबिथा हे आपल्या मैत्रिणीला, केझायाला म्हणाली ते वाचनालयाच्या सभागृहात, अगदी मागच्या बाकावरून, आणि तेही नुसते ओठ हलवून. लँकेशायरच्या कापडगिरणीत साच्यांचा, म्हणजे मागांचा, धडधडाट एवढा, की आवाज काढून बोलणारा खुळाच ठरायचा. विणकर बाया दिवसभर एकमेकींच्या ओठांवरचं वाचायच्या, आणि ती सवय बाहेरही सुटायची नाही. शिवाय सोय अशी, की साहेबलोकांच्या नाकासमोर त्यांचीच टवाळी करता यायची.

पण व्यासपीठावरचा तो तरुण कवी मध्येच अडखळला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. आणि... चक्क हसला!

बाहेर भुरभुर पाऊस होता. डोक्यावर शाल ओढून टॅबिथा सटकणार, तोच तो समोर आला.

“रडगाणं ते ठीक. पण ‘बरा’ म्हणजे नक्की किती बरा?”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं बिचारीला. त्याचं नाव ईनॉक. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. आई त्याची विणकर, साच्यांपायी ठार बहिरी झालेली. त्यामुळे घरातलं सगळं बोलणं ओठांचंच.

“मग कवितेत आम्हाला ‘मुक्या अभागिनी’ का म्हणालात?” टॅबिथाने उलट विचारलं.

“मुक्या म्हटलं, की पुढच्या रांगेतल्या साहेबलोकांचे रुमाल बाहेर निघतात,” तो खाली बघत म्हणाला.

“आम्ही मुक्या नाही. तुमची पुढची रांग बहिरी आहे.”

रविवारी तो कालव्याच्या काठी तिची वाट बघत उभा राहिला. पुढच्या रविवारीही. आणि मग तीही जरा लवकरच निघू लागली...

“असे टक लावून काय बघताय?”

“वाचतोय.”

“मी तर काहीच बोलले नाही.”

“म्हणून तर वेळ लागतोय.”

टॅबिथाने मान फिरवली, पण हसू काही लपलं नाही.

केझायाचा खोकला हा टॅबिथाच्या जिवाला लागलेला घोर होता. सूत तुटू नये म्हणून साचेखात्याच्या खिडक्या कायम बंद आणि आत वाफ कोंडलेली. परवाच केझाया चक्कर येऊन चालत्या साच्यावर पडता पडता वाचली होती. हे ऐकून ईनॉकने नवी कविता लिहिली. तिच्यात एकही अभागिनी नव्हती, पण बंद खिडक्यांवर एक कडवं होतं. वार्षिक सभेत ती वाचायची ठरली.

पण वाचनालयाचे अध्यक्ष खुद्द गिरणीमालक, आणि छापखान्याला कामही त्यांचंच. त्यांनी कविता आधी मागवून वाचली आणि निरोप धाडला: खिडक्यांचं कडवं तेवढं तोंडातून निघता कामा नये, नाहीतर नोकरी विसरा. ईनॉकने पडेल चेहऱ्याने हे सांगितलं, तशी टॅबिथा पेटली.

“मग केझायाला काय सांगू? तिचं कडवं महाग पडलं म्हणून?”

एवढं बोलून तिने जे ओठ मिटले, ते सभेच्या दिवसापर्यंत. आलीही ती केझायाने ओढून आणली म्हणून.

ईनॉक वाचू लागला. त्या कडव्यापाशी आला, आणि थांबला. गाळलंच शेवटी... टॅबिथाने निघण्यासाठी शाल डोक्यावर ओढली.

तेवढ्यात केझायाने तिचा दंड आवळला. ईनॉकचे ओठ हलत होते.

*सुताला वारा लागू नये, म्हणून आमचा श्वास कोंडलाय. उघडा खिडक्या.*

शब्द न् शब्द, आवाजाशिवाय. पोरगा ओळ विसरला असं वाटून अध्यक्ष मायेने खाकरले. मागे मात्र लाकडी तळांचे बूट जमिनीवर आपटायला लागले. एक बाक, दुसरा बाक, सगळं मागचं सभागृह! कविता रंगली समजून अध्यक्षांनीही टाळ्या वाजवल्या. टॅबिथाला रडू फुटत होतं आणि हसूही.

ईनॉकने तिच्याकडे पाहिलं. कवितेत नसलेली एक ओळ त्याच्या ओठांवर आली.

*टॅबिथा... माझी होशील?*

आता मागच्या बाकांवर असली गोष्ट लपते थोडीच! झाडून सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. टॅबिथा उठून उभी राहिली, आणि साच्यांवरूनही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

“होईन!”

पुढची रांग दचकून मागे वळली. पोरीला कोणी काय विचारलं, हे त्यांना काही केल्या कळेना.