कार्ड काढल्यावर

अंधेरीच्या त्या हॉटेलचं नाव 'सिल्व्हर पेटल एक्झिक्युटिव्ह'. त्यातलं एक्झिक्युटिव्ह काय होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मरोळच्या बाजूला दोन गोदामांच्या मध्ये दामटून बसवलेली सहा मजली काचेची पेटी, झालं. रस्त्यापलीकडे हॉस्पिटल होतं आणि तिथे माझ्या बायकोची, विनिताची, हृदयाची झडप बदलायची होती. म्हणून चिपळूणहून येऊन मी त्या पेटीत पडलो. नाहीतर असल्या जागेत मी चप्पलसुद्धा काढली नसती.

खोली पाचशे चार. पांढऱ्या गादीवर एक जांभळा पट्टा आडवा टाकलेला, तो कशासाठी ते टाकणाऱ्यालाच ठाऊक. न्हाणीघराला भिंतीऐवजी काच. म्हणजे आंघोळही प्रदर्शन मांडून करायची. लिंबाच्या वासाचा फवारा इतका मारलेला की डोकं उठावं. मी तीस वर्षं वायरिंगची कामं घेतोय, स्विचबोर्ड बघूनच कळलं की सगळा नाव मोठं लक्षण खोटं प्रकार आहे. दाराजवळच्या खाचेत कार्ड खोचलं की खोलीत वीज यायची. काढलं की दिवे, एसी, टीव्ही, सगळं बंद.

पहिल्या दुपारी विनिताकडे जायला निघालो. कार्ड काढलं. पडदे ओढलेले होते, त्यामुळे भर दुपारी आत काळोख झाला. जन्माची सवय, रिकाम्या खोलीलाच दारातून म्हणालो, "येतो."

"लवकर या..."

बाईचा आवाज. अर्ध्या झोपेतून बोलावं तसा.

टीव्ही असेल, असं आधी वाटलं. पण कार्ड माझ्या हातात होतं. जिथे करंट नाही तिथे टीव्ही कसा बोलेल? परत आत गेलो, दिवे लावले, पलंगाखाली वाकून बघितलं, त्या काचेमागे बघितलं. कोणी नव्हतं. फक्त लिंबाच्या वासाखालून दुसरा एक वास येत होता. डोक्यावर थापलेल्या खोबरेल तेलाचा.

बाहेर पॅसेजमध्ये साफसफाईवाली मंजुळा ट्रॉली ढकलत होती. वर्सोव्याहून कामाला येणारी, पन्नाशीची बाई. मी तिला विचारलं, "या खोलीत कोण आहे?"

तिने आधी लिफ्टकडे पाहिलं. "तुमाला पण आवाज दिला? येतो बोलून निघायचं, साहेब. आमी रोज बोलतो. मग गप राहते ती."

"ती कोण?"

"माहीत नाय. पण 'जातो' नका बोलू हां तिला. एकटी आहे ती... जातो बोललं तर बसेल काय मग खोलीत?"

मला हसू आलं. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या छताखाली भूत, आणि तेही असं रीतभात पाळणारं!

पुढचे दोन दिवस मी तोंड मिटून बाहेर पडलो. दोन्ही वेळा कार्ड काढल्यावर त्या काळोखातून हळूच आलं, "सांगून नाही जायचं...?" खरं सांगतो, मी घाबरलो होतो. पण घाबरलो हे स्वतःशीसुद्धा कबूल करायचं नव्हतं, म्हणून चिडलो.

ऑपरेशनच्या सकाळी विनिताला आत नेलं आणि लक्षात आलं, जुन्या तपासण्यांची फाइल खोलीवरच राहिलीय. धावत गेलो, फाइल घेतली, कार्ड उपटलं.

"सांगून नाही..."

"जातो!" मी ओरडलो. "अगं बये, जातो, जातो, जातो! ऐकलंस? बस बोंबलत!"

खोली गप्प झाली. मग गादी कुरकुरली. कोणीतरी उठल्यावर कुरकुरते तशी. माझ्या कोपराला काहीतरी गार घासून बाहेर पडलं आणि तेलाचा वास पॅसेजमधून पुढे पुढे गेला. टोकाला लिफ्ट उघडली, मिटली. वरचे आकडे उतरत गेले. चार, तीन, दोन... मी जिन्याने खाली आलो.

ऑपरेशन उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून पाचशे चारमध्ये चकार शब्द नव्हता. मी दोनदा मुद्दाम "येतो" म्हणून बघितलं, काही नाही. जिरवली, असं वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी विनिता बोलायला लागली. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अहो... तिला तुम्ही जातो म्हणालात? असं म्हणतात का कोणाला?"

"कोणाला, विनिता? कोण म्हणालं तुला?"

टाक्यांची कळ सोसत, ओठ आवळून, ती पलंगावर जरा एका कडेला सरकली. दुसऱ्या कडेला माणूसभर जागा झाली. मी तिथे टेकायला गेलो तर तिने मान हलवली. नको.

आठव्या दिवशी सोडलं. चिपळूणहून माझा पुतण्या केतन गाडी घेऊन आला होता. विनिताला मागे नीट बसवलं, उशी दिली, आणि मी दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. ती खिडकीला चिकटून अंग चोरून बसली होती. बाकीची सीट रिकामी.

"तुम्ही पुढे बसा," ती म्हणाली. "मागे जागा कुठे आहे?"

केतन हसला. त्याला वाटलं, काकी गंमत करतेय.

मी पुढे बसलो. त्याला आता चार महिने झाले. विनिता ठणठणीत आहे, जिने चढते, भाकऱ्या थापते. मी बाहेरच्या खोलीत झोपतो.