डाव्या कोपराखाली

खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीपाशी वळायचं आणि परत येऊन बसायचं. एवढीच परीक्षा. पण सकाळचं दुपारी न आठवणाऱ्या माणसाला अर्ध्या वाटेत आपण कशाला उठलो तेच आठवत नाही, आणि तिथेच तोल जातो. सर पट्टीपाशी सेकंद मोजायचं बटणाचं घड्याळ घेऊन उभे राहत. तीस वर्षं त्यांनी म्हाताऱ्या माणसांची पावलं तपासली होती. वॉर्डात सगळे त्यांना 'पायवाले सर' म्हणत, कारण कुणी नमस्कार केला तरी त्यांची नजर आधी त्याच्या पायांकडे जाई.

त्या दिवशी आजींची पाळी होती. महिन्यापूर्वी त्यांना एक्केचाळीस सेकंद लागले होते आणि वळताना त्या मदतनीस मावशींच्या अंगावर कोसळल्या होत्या. आज वीसच्या आत आल्या तर घर; नाहीतर कुलपाचा वॉर्ड आणि कायमची चाकांची खुर्ची. आजोबा पिशवी छातीशी धरून दारात उभे होते.

"सर, जरा मोठ्या मनानं बघा."

"मी कुठे बघतो आजोबा, घड्याळ बघतं."

आजी उठल्या. खुर्चीच्या हातांना हात न लावता. चालल्या, सहज वळल्या, परत येऊन बसल्या. मागून चालणाऱ्या मावशींना काही करावंच लागलं नाही. सतरा सेकंद.

सरांना खटकलं ते वेगळंच. आजींचं डावं कोपर अंगापासून वीतभर बाहेर होतं आणि स्वेटरची बाही तिथे खालून दाबल्यासारखी चपटी झाली होती. आपण होऊन कुणी कोपर असं ठेवत नाही. कुणी धरलं तरच ते तसं राहतं.

"आजी, हात असा का धरलाय?"

"मी कुठे धरलाय? या ताईंनी धरलाय."

"कुठल्या ताई?"

"काय हो सर! दिवसभर तुमच्या मागे-मागे असतात. ओळख दाखवायला काय पैसे पडतात?"

मावशी फिस्सकन हसल्या. सरांना हसू आलं नाही. विसरणाऱ्या माणसांना नाही नाही ते दिसतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण नुसत्या दिसण्यानं तोल सावरत नाही.

"बरं, ताईंना म्हणावं, बाजूला व्हा. आता एकट्या चाला."

आजी डावीकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "सोडा हो जरा. सर रागावतात."

दबलेली बाही फुगून वर आली. आजी उठल्या आणि दुसऱ्याच पावलाला अशा लटपटल्या, की मावशी नसत्या तर कपाळमोक्षच होता. खुर्चीत बसवल्यावर त्या धापा टाकत राहिल्या.

"बघितलंत? ताई म्हणतात तेच खरं. 'आलो' म्हणणारा काही येत नसतो. आपणच धरलेलं बरं."

सरांचं पेन थांबलं.

आठ महिन्यांपूर्वी बायकोनं बाथरूममधून हाक मारली होती, जरा हात द्या हो. सर दाढी करत होते. 'आलो' म्हणाले, राहिलेला गाल उरकला आणि मग गेले, तोवर ती फरशीवर पडून संपली होती. तो 'आलो' त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. मुलीलासुद्धा नाही.

कागदावर आधाराचा रकाना होता. काठी, वॉकर, व्यक्ती, काही नाही. तीस वर्षांत त्यांनी एकही खोटी खूण केली नव्हती. बऱ्याच वेळानं त्यांनी 'व्यक्ती'वर खूण केली.

"घरी ही व्यक्ती कोण?" त्यांनी आजोबांना विचारलं.

"मी आहे की!" फुंकर मारली तर उडतील असे आजोबा छाती काढून म्हणाले.

पंधरा दिवसांची मुदत ठरली. तोवर पडल्या नाहीत, तर घरीच पुन्हा परीक्षा, आणि तीच शेवटची.

त्या पंधरा दिवसांत सर प्रत्येक पेशंटचं कोपर बघत राहिले. कुणाचंच बाहेर नव्हतं. परीक्षेची खोली त्यांना रिकामी वाटू लागली. आधी ती तशी वाटत नव्हती, हे त्यांना आत्ता कळलं.

घर पहिल्या मजल्यावर होतं. "एकदाही पडली नाही," आजोबा जिन्यातच सांगत सुटले. "पायऱ्यासुद्धा उतरते. मी नुसता नावाला मागे!"

सरांनी खुर्ची भिंतीशी ठेवली, समोर खिडकीखाली पट्टी चिकटवली आणि आजोबांना आजींच्या मागे अर्ध्या पावलावर उभं केलं. स्वतः खिडकीशी गेले. मग न राहवून विचारलं, "आजी, ताई आहेत ना?"

"नाहीत. सकाळीच गेल्या. म्हणाल्या, आज ते येतायत, मग माझं काय काम?"

आजी दुसऱ्या पावलाला पडणार. आणि पडल्या, की कुलपाचा वॉर्ड. "आजी, थांबा," ते म्हणेपर्यंत आजी उठल्याच. सवयीनं सरांचा अंगठा घड्याळावर दाबला गेला.

एक पाऊल.

आजी झुकल्या.

दुसरं पाऊल.

डावं कोपर बाहेर आलं.

आजी पट्टीपर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या.

"शाब्बास गं!" आजोबांनी डोळे पुसले. "सर, तुमचे उपकार. सगळा वेळ तिचा हात सोडला नाहीत."

"मी? मी तर खिडकीशी होतो."

"काहीतरीच काय! ती उठली तसे धावत आलात की. खिडकीशी कुणीच नव्हतं."

सरांनी खाली पाहिलं. ते खुर्चीशेजारी उभे होते. त्यांचा तळवा आजींच्या कोपराखाली होता, आणि बोटं इतकी घट्ट मिटली होती की ती उघडायला वेळ लागला.

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. घड्याळ तिथे कट्ट्यावर पडलं होतं. काटा अजून फिरत होता.

ते बघत असतानाच त्याचं बटण खट्‌कन आत गेलं आणि काटा थांबला.