तांबड्या दिव्यातली भाकरी

"ताटल्यांचा क्रम चिठ्ठीनं ठरव, राजेश्री. मनाला आवडनिवड असते, चिठ्ठीला नसते."

निवृत्त झालेल्या मंजुषा मॅडमचा आवाज अजून कानात होता. कृषी विद्यापीठातल्या चव-चाचणीच्या खोलीत राजेश्रीनं डोळे मिटून चिठ्ठी उचलली. तीन ताटल्या, दोनांत नेहमीच्या ज्वारीची भाकरी, एकीत झरी गावच्या जुन्या वाणाची. वेगळी कोणती, एवढंच चाखणाऱ्यानं सांगायचं.

तेवढ्यात दारात एक उंच तरुण. "मातीचा विभाग हाच का?"

"नाही... पण जरा बसता? एक चाखणारा कमी हाय आज. चव कळते ना नीट?"

त्यानं तिच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ. "कळते की."

त्याचं नाव नागेश. रंगावरून भाकरी ओळखू येऊ नये म्हणून खोलीत तांबडा दिवा होता. पडद्याखालून ताटल्या सरकल्या, आणि घास तोंडात जायच्या आधीच त्यानं बोट ठेवलं. बरोबर!

मग तो दर गुरुवारी यायला लागला.

"स्वतः उपास धरायचा आन् लोकांना भरवायचं. लय पुण्य कमवायल्या तुमी!"

"पुण्य राहू द्या. ताटली सांगा."

"सांगतो. पण आधी हसा."

ती हसायची... आणि तो बरोबर सांगायचा. तीनात एखाद्या वेळी नशिबानं जमतं. पण दर वेळी? त्यात सारा निकाल त्याच्यावरच तोललेला. तो होता म्हणून दोन भाकरींतला फरक सिद्ध होत होता, प्रबंध उभा राहत होता.

एका गुरुवारी तिनं मुद्दाम तिन्ही ताटल्यांत नेहमीचीच भाकरी ठेवली. नागेशचा हात ताटल्यांवरून फिरला, थांबला.

"आज यात..." तो हळूच म्हणाला, "कुणीच नाई."

राजेश्रीनं पडदा बाजूला ओढला. "कुणीच म्हणजे? खरं सांगा."

"मला चवच नाई. मोठ्या तापात गेली ती गेली. खोटं बोललो... तुमच्याजवळ बसायला मिळावं म्हणून. पण एक ताटली हाताला कोमट लागायची. आत्ता कुणी तव्यावरून उतरवल्यावानी. त्या ज्वारीचं बी कुठलं?"

"झरीच्या पार्वतीबाईंनी दिलं. त्यांच्या बहिणीनं राखलेलं, सुलाबाईंनी."

नागेशनं ताटली बाजूला सरकवली. "सुला... माझी आई. दोन सालं झाली जाऊन."

तिनं डब्यातली जुन्या वाणाची भाकरी उघडली, हात लावला. गार. मग त्यानं तिच्या हातावर हात ठेवला—आणि तिच्या तळव्याखाली भाकरी हळूहळू कोमट होत गेली.

दोघांनीही हात काढला नाही.

"बी किती उरलंय?" त्यानं विचारलं.

"एक डबा. चव नाही म्हणून तुमचं नाव गाळलं तर तेवढं दळून चाचणी परत घ्यावी लागंल. नाहीतर माझ्या हाती काहीच लागत नाही."

"मावशीकडं दाणा उरला नाई. हे दळलं की आईचा वाण संपला... पण डिग्री तुमची हाय. मी कोण सांगणार?"

"दळत नाही मी. पेरायला मीच घेऊन येते."

"आन् पेरून लगेच माघारी?"

तिनं मान खाली घातली. "उगवून येईस्तोवर तरी... थांबेन म्हणते."

तिनं त्याचं नाव गाळलं. फरक सिद्ध झाला नाही, असं प्रबंधात स्वच्छ लिहिलं. मंजुषा मॅडमच्या जागी आलेले मार्गदर्शक सर चिडले. तिनं ऐकून घेतलं.

रविवारी सकाळी देवापुढं दिवा लावून तिनं डबा ओढणीत गुंडाळला, दार हलकेच ओढून घेतलं, आणि झरीच्या बसकडे चालू लागली.